आकाशाला बांधलेला शॉक

वाळूजमध्ये 1985 साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुट्या भागांचे कारखाने वाढले. दुचाकींचे शॉकअब्सॉर्बर बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचे मुख्यालयही इथलेच. इथल्याच एका गॅरेजात मी पहिल्यांदा बाद झालेला शॉक उघडून पाहिला. आत होते थोडे काळे तेल आणि बारीक छिद्रांचा दट्ट्या.

नावात काहीही असो, धक्का झेलते ती स्प्रिंग. दबलेली स्प्रिंग मोकळी झाली की गाडी डुलत राहते. ते डोलणे शॉक थांबवतो. छिद्रांतून ढकलल्या जाणाऱ्या तेलात त्याची उष्णता होते. कारचा सांगाडा सेकंदाला साधारण एक-दीड वेळा डुलतो, चाक मात्र दहा-बारा वेळा थरथरते. शॉक मऊ ठेवला तर डोलणे संपत नाही. कडक ठेवला तर प्रत्येक खडा मणक्याला कळतो. शिवाय चाक रस्त्यावरून उचलले गेले, की त्या क्षणी त्याचा ब्रेक निकामी. म्हणून हा प्रश्न केवळ आरामाचा नाही.

1974 साली डीन कार्नॉप आणि सहकाऱ्यांनी तोड सुचवली: शॉकचे खालचे टोक चाकाऐवजी आकाशाला बांधले आहे असे माना. आकाशात खुंटी नसते, पण नियम करता येतो. सांगाडा वर जाताना चाकापासून लांबत असेल, किंवा खाली येताना चाकाच्या जवळ येत असेल, तर शॉक कडक करायचा, एरवी मऊ. सेन्सर हालचाल मोजतात, संगणक ठरवतो, झडप तेलाची वाट अरुंद करते. ही अर्ध-सक्रिय पद्धत; ती ऊर्जा फक्त काढून घेते.

पूर्ण सक्रिय पद्धत बाहेरून ताकद घेऊन चाक दाबते किंवा उचलते. अशाच विल्यम्स गाडीवर नायजेल मॅन्सेल 1992 साली फॉर्म्युला वनचा विजेता झाला. 1994 पासून तिथे तिच्यावर बंदी आली. रस्त्यावरच्या गाडीत मात्र तिचे वजन, किंमत आणि वीज आडवी येते.

गणितही एक मर्यादा घालते. टायर हीसुद्धा स्प्रिंगच. चाक आणि टायर यांच्या एका ठरावीक कंपनगतीला मधल्या यंत्रणेने काहीही केले, तरी सांगाड्याचा हादरा जवळपास तेवढाच राहतो.

2024 साली महिंद्राच्या बीई 6 आणि एक्सईव्ही 9ई या विजेवरच्या गाड्यांत अर्ध-सक्रिय सस्पेन्शन आले. बहुतेक दुचाकींत मात्र आजही तेच तेल आणि तीच छिद्रे आहेत. त्यांच्यासाठी खड्डा बुजवणे हीच सर्वांत स्वस्त नियंत्रणप्रणाली.