कित्ता गिरवावा, पण कुठपर्यंत?

'तोत्तोचान' हे जपानी पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी मराठीत वाचलं असेल. तेत्सुको कुरोयानागी यांचं मूळ पुस्तक १९८१ साली निघालं. त्यातली मुलांची चित्रं चिहिरो इवासाकी यांची. पण चिहिरोबाई १९७४ सालीच वारल्या होत्या. त्यांनी मागे ठेवलेल्या चित्रांतून निवड करून ती या पुस्तकात घातली, आणि ती जणू ह्याच गोष्टीसाठी काढली आहेत असं वाटतं.

आज या बाईंची आठवण काढायचं कारण सांगते. आपली नातवंडं फोनवर जपानी चित्रं बघतात आणि हुबेहूब वहीत काढतात. घरातले मोठे लगेच म्हणतात, "ही तर नक्कल!" पोर हिरमुसतं आणि पेन्सिल खाली ठेवतं. एकदा ठेवलेली पेन्सिल पुन्हा हातात येईलच असं नाही.

चिहिरोबाईंनी काय केलं ते बघा. जन्म १९१८ चा. लहानपणापासून चित्रांची ओढ. तरुणपणी तैलचित्रं शिकल्या, आणि कुंचल्याने सुंदर अक्षरं काढायची जपानी विद्याही शिकल्या. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात तोक्योतलं घर जळालं. युद्धानंतर त्या तोशी मारुकी या चित्रकर्तीकडे शिकू लागल्या. हिरोशिमाच्या संहाराची मोठमोठी चित्रं काढणारं मारुकी जोडपं ते हेच. जर्मनीच्या केट कोलवित्झ यांचीही चित्रं चिहिरोबाईंना फार आवडायची. त्यामुळे त्यांची सुरुवातीची चित्रं गडद आणि जाड रेघांची आहेत. बघणाऱ्याला गुरूचा हात ओळखू येतो.

मग स्वतःची रेघ आली कुठून? माझ्या मते दोन ठिकाणांहून. एक म्हणजे जुनी शिदोरी. अक्षरं काढताना कुंचल्यावर बसलेला हात, तोच पुढे जलरंगात उतरला. ओल्या कागदावर रंग पसरू द्यायचा, कडा मुद्दाम आखायच्या नाहीत, ही त्यांची खूण झाली. दुसरं म्हणजे घर. १९५१ मध्ये मुलगा झाला. नवरा वकिलीची परीक्षा देत होता, घर बाईंच्या कमाईवर. तान्ह्या बाळाला काही काळ नागानोला आईवडिलांकडे ठेवावं लागलं. नोकरी करणाऱ्या आपल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको! त्या बाळाची चित्रं काढत राहिल्या. पुढे तर समोर मूल नसतानाही दहा महिन्यांचं बाळ आणि वर्षाचं बाळ वेगवेगळं काढायच्या. मी नर्स होते, म्हणून सांगते, हे सोपं नाही. बाळाची मान, मनगट, बसण्याची ढब महिन्यामहिन्याला बदलते. ते बघून बघूनच कळतं, दुसऱ्याच्या चित्रावरून कळत नाही.

१९६८ साली त्यांनी पावसात एकट्या घरी राहिलेल्या मुलीचं पुस्तक केलं. शब्द अगदी थोडे, सगळं रंगांनी सांगितलेलं. आता तिथे गुरूचा हात दिसत नाही.

जपानी लोक शिकण्याच्या तीन पायऱ्या सांगतात: शु, हा, री. आधी गुरूचं जसंच्या तसं पाळा, मग मोडून बघा, मग सोडून पुढे जा. आपण लहानपणी पाटीवर कित्ता गिरवला, तो पहिल्या पायरीवरच. आम्हीही इंजेक्शन द्यायला सीनियर सिस्टरचा हात बघूनच शिकलो. पण वर्षभरात प्रत्येकीचा हात वेगळा झाला.

एक गोष्ट मात्र मुलांना जरूर सांगा. गिरवणं शिकण्यासाठी; दुसऱ्याचं चित्र आपल्या नावावर खपवणं ही चोरी. प्रकाशकांनी मूळ चित्रं चित्रकाराला परत द्यावीत, म्हणून चिहिरोबाई आग्रहाने झगडल्या. त्यामुळेच नऊ हजारांहून जास्त चित्रं आज जपलेली आहेत. तोक्योतल्या त्यांच्या घराच्या जागी १९७७ मध्ये संग्रहालय झालं, दुसरं नागानोला १९९७ मध्ये. इतक्या लांब जाणं जमत नसेल तर हैफाचं तिकोतिन जपानी कलेचं संग्रहालय आहेच. तिथे मुलांना न्या.

घरी एवढंच करा. एका नाही, तीन-चार चित्रकारांची चित्रं गिरवू द्या. मग ती पुस्तकं मिटायची आणि समोरचं काढायचं: स्वयंपाकघरातली आजी, खिडकीतली मांजर, दारातल्या चपला. ज्याच्यावर आपलं प्रेम आहे, ते काढताना रेघ आपोआप आपली होते.