डोंगर चढायचाय, पण पायांत काय घालू?

दिवाळीचा फराळ संपत आला, भाताची कापणी उरकली की आपल्या पालघर-बोईसरकडे पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावीशी वाटू लागते. आपली थंडी ती केवढीशी! पण एरवी वर्षभर घामाने निथळणाऱ्या आपल्याला डोंगरात हिंडायला मिळतात ते हेच अडीच-तीन महिने. मग घरोघरी रविवारचे बेत सुरू होतात. कुणी पालघरजवळच्या काळदुर्गावर जायचं म्हणतं, कुणी सफाळ्याजवळच्या तांदूळवाडीच्या किल्ल्यावर, कुणी अशेरीवर, तर कुणी मनोर-वाडा रस्त्यावरच्या कोहोजवर. सगळे डोंगर दोन हजार फुटांच्या आतले. सकाळी लवकर निघावं आणि जेवायच्या वेळेपर्यंत खाली यावं, इतकेच.

बेत ठरला की तयारी कुणाची? आपलीच! पोळ्या, बटाट्याची भाजी, लिंबाचं सरबत, पाण्याच्या बाटल्या. मुलांना नवे बूट हवेत, ते आणून होतात. यजमानांचे असतातच. आणि आपण? "मला कशाला हवेत? मी आपली चपलांवर येईन." मग वाघोबा खिंडीत उतरून काळदुर्गाची चढण पाहिली की आपणच म्हणतो, "तुम्ही जाऊन या, मी सामान राखत बसते."

मैत्रिणींनो, या सामान राखण्याच्या मागे पुष्कळदा आपलं वय नसतं, गुडघेही नसतात. असतात त्या चपला. म्हणून आज थोडं बुटांविषयी बोलू या. विषय साधा वाटेल, पण वर्षातून चार सकाळी आपण डोंगरावर असायचं की खिंडीत, हे त्यावर ठरतं.

जमीन तसं पादत्राण

स्वयंपाकघरात आपण दूध एका भांड्यात तापवतो आणि फोडणी दुसऱ्यात करतो. पादत्राणांचंही तसंच आहे. कुठे चालायचं ते आधी पाहावं, मग दुकानात जावं.

आपल्या डोंगरांवर थंडीत तीन प्रकारची जमीन भेटते. पहिली म्हणजे घसारा. सुटी माती आणि बारीक खडे, पाऊल टाकलं की ते पायाखालून सरकतात. दुसरी वाळलेल्या गवताची. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं गवत डिसेंबरात पिवळं पडून उताराच्या दिशेने आडवं होतं. दिसायला मऊ, पण पाय ठेवला तर तेल सांडलेल्या फरशीसारखं! तिसरी कातळाची. अशेरीच्या वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात, काळदुर्गाचा माथा म्हणजे तर एक मोठा चौकोनी कातळच.

या तिन्हींना चालेल असा एकच बूट हवा, आणि तो मिळतो. त्याचा तळ रबराचा असावा आणि त्यावर खोल, ठसठशीत खाचा असाव्यात. या खाचा मातीत रुततात आणि रबर कातळाला धरून ठेवतं. सपाट तळाचे शाळेचे कॅनव्हासचे बूट कोरड्या कातळावर बरे, पण घसाऱ्यावर ते घसरगुंडीच करतात. सकाळी फिरायला जायचे हलके स्पोर्ट्स शूज डांबरी रस्त्यासाठी असतात, त्यांचा तळ मऊ असतो आणि खडे पायाला टोचतात. चपला आणि सॅण्डल यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. खडा आत शिरतो, कुसळं बोटांत घुसतात आणि उतरताना पाय पुढे निसटतो.

तुम्ही म्हणाल, वाटेत लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरणाऱ्या वारली बायका भेटतात, त्या कुठे बूट घालतात? खरं आहे. पण त्यांचे पाय लहानपणापासून त्या वाटेवर तयार झाले आहेत. आपले पाय लोकलच्या जिन्यावर आणि स्वयंपाकाच्या ओट्यापाशी वाढलेले. त्यांना आधार लागतो, यात लाज कसली?

दुकानात गेल्यावर

एका दुकानात मला ऐकवण्यात आलं, "बाई, डोंगराचे बूट जड असतात, तुम्ही हे लेडीज घ्या." आणि पुढे आले गुलाबी रंगाचे, चकचकीत, गुळगुळीत तळाचे! नम्रपणे परत ठेवा. पुरुषांच्या किंवा मोठ्या मुलांच्या कप्प्यातला लहान नंबर मागा. आपल्यापैकी पुष्कळजणींचे पाय वर्षानुवर्षं चपला वापरून चवड्याशी रुंद झालेले असतात, आणि बायकांसाठी म्हणून केलेले बूट तिथेच आवळतात.

आता काही कानगोष्टी :

बूट संध्याकाळी घ्यावेत. दिवसभर उभं राहून पाय थोडे सुजलेले असतात, चालतानाही ते तसेच सुजतात.

जे मोजे घालून चालणार तेच बरोबर न्यावेत. दोन्ही पायांत बूट घालून पाहावेत, कारण बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो. नंबर मोठ्या पायाचा घ्यावा.

लेस बांधून उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा उरली पाहिजे. मग दुकानाच्या पायरीवर उतरणीकडे तोंड करून पाय पुढे दाबून पाहा. बोटं टोकाला आपटली, तर तो बूट कितीही सुंदर असला तरी नको. उतरताना तासभर असंच आपटत राहिलं की नखं काळीनिळी होतात.

टाच मात्र घट्ट बसावी. चालताना ती वर-खाली झाली, तर फोड आलाच म्हणून समजा.

बूट हातात घेऊन वाकवून पाहा. तो चवड्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. फडकं पिळल्यासारखा सहज पिळला जात असेल, तर त्यात आधार नाही. घोटा मुरगळण्याची सवय असलेल्यांनी घोटा झाकणारा बूट घ्यावा, बाकीच्यांना आखूडही चालतो.

पहिल्या चढणीआधी

नवा बूट थेट डोंगरावर नेऊ नये. आठवडाभर घरात घालून पोळ्या लाटाव्यात, झाडून घ्यावं. सासूबाई हसतील, हसू द्या. मग बाजारात जाऊन भाजी आणावी. पायाला आणि बुटाला एकमेकांची ओळख होऊ द्यायची.

मोजे पातळ सुती नकोत. घामाने ओले होतात आणि ओली त्वचा घासून फोड येतो. जाडसर, लोकरीचे किंवा खेळाडू वापरतात तसे कृत्रिम धाग्याचे घ्यावेत. ते घोट्याच्या वर येणारे असावेत, म्हणजे कुसळांचा त्रास कमी. एक जास्तीचा जोड पिशवीत असू द्या. नखं दोन दिवस आधी सरळ कापावीत.

लेस बांधण्यातही मख्खी आहे. चढताना घोट्याशी थोडी सैल ठेवावी, कारण पाय वाकायला जागा लागते. माथ्यावर पोचलात, तांदूळवाडीवरून सूर्या आणि वैतरणा या नद्या डोळे भरून पाहिल्यात, की उतरण्याआधी खाली बसून लेस पुन्हा बांधा, या वेळी घोट्याशी घट्ट. पाय मागे धरला जातो आणि बोटं वाचतात. उतरताना पावलं छोटी टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत. बांबूची एक काठी हाती असली तर गुडघे दुवा देतात.

पायाला कुठे चुरचुरलं, तर "पुढे बघू" म्हणू नका. तिथेच थांबून चिकटपट्टी लावा. चुरचुरण्याचा फोड व्हायला अर्धा तासही लागत नाही.

एल.टी.सी. आणि बर्फ

आपल्या भागातली कितीतरी कुटुंबं नाताळात किंवा मे महिन्यात एल.टी.सी. घेऊन मनालीला जातात. रोहतांगची खिंड तेरा हजार फुटांवर. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडे सिस्सूलाही जाता येतं. वाटेत गमबूट आणि कोट भाड्याने मिळतात. तिथे घाई करू नका. गमबुटात हात घालून आत ओल नाही ना, हे पाहा. जाड मोज्यांसाठी एक नंबर मोठा घ्या. मोजे मात्र स्वतःचे लोकरीचे, सुती नव्हेत. सुती मोजा एकदा भिजला की पाय गारठतो.

हल्ली तरुण मुलं-मुली उत्तराखंडातल्या केदारकंठासारख्या शिखरांवर भर थंडीत जातात. तिथे तुडवून घट्ट झालेल्या बर्फावर बुटाला रबराने अडकवायच्या लोखंडी दातांच्या साखळ्या वापरतात. पण जिथे ताजा, भुसभुशीत बर्फ कमरेएवढा पडतो, जसा गुलमर्गला, तिथे दात असून काय उपयोग? पाय खाली जातो तो जातोच. त्यासाठी असतात स्नोशू.

हे काय प्रकरण, ते आपल्याला चटकन कळेल. चिखलणी झालेल्या भाताच्या खाचरात पाय गुडघ्यापर्यंत रुततो, पण तोच माणूस चिखल सारखा करायच्या फळीवर उभा राहिला तर फळी वरच राहते. वजन तेच, फक्त ते पसरलं. स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची अशी रुंद चौकट. पूर्वी ती वाकवलेल्या लाकडाची असे आणि त्यात चामड्याच्या पट्ट्यांची जाळी विणलेली असे. आता ती अ‍ॅल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते आणि खाली दात असतात. निवडताना पायाचा नंबर पाहायचा नाही, वजन पाहायचं. स्वतःचं, कपड्यांचं आणि पाठीवरच्या पिशवीचं मिळून. वजन जास्त किंवा बर्फ जास्त भुसभुशीत, तर चौकट मोठी. चालताना पाय थोडे फाकवून टाकावेत, दोन्ही हातांत काठ्या घ्याव्यात आणि मागे पाऊल टाकू नये, शेपूट बर्फात अडकून माणूस पडतो. वळायचं झालं तर छोटं वर्तुळ घेऊन वळावं. आणि माहीतगार स्थानिक वाटाड्या सोबत असल्याशिवाय बर्फाच्या उतारावर जाऊच नये.

परत आल्यावर

बूट पाण्याने पुसावेत, आतला पट्टा काढून सावलीत वाळवावा, ओले असतील तर आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नयेत, डिंक सुटतो. आपल्या समुद्राकाठच्या दमट हवेत आणखी एक गंमत होते. दोन-तीन पावसाळे माळ्यावर पडून राहिलेल्या बुटाचा तळ आतून भुसभुशीत होतो, आणि दिसायला नवा असलेला बूट नेमका डोंगरावर जबडा उघडतो. आमच्या ओळखीतल्या एकीने तांदूळवाडीची अख्खी उतरण बुटाला ओढणी बांधून पार केली! म्हणून मोसमाच्या सुरुवातीला तळ वाकवून पाहा, मोच्याकडून कडेने शिलाई घालून घ्या आणि पिशवीत हातभर नायलॉनची दोरी ठेवा.

आता सुरुवात कशी करायची? पहिल्या रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर तासभर चाला, सुरूच्या सावलीतून आणि वाळूतून. घोटे तयार होतात. दुसऱ्या रविवारी घराजवळची एखादी टेकडी, नाहीतर चार मजल्यांचा जिना दहा वेळा. तिसऱ्या रविवारी पहाटेच निघून काळदुर्ग. पाणी माणशी दोन लिटर. आणि सामान? ते खिंडीत राखत बसायचं कशाला? ज्याचं त्याने आपल्या पाठीवर घ्यावं.