अंगठ्याची शाई पुसली

सुनेच्या हाती घर सोपवले की आजीबाईने करायचे काय? माळ ओढायची, नाही तर सुनेच्या भाकरीला नावे ठेवायची! ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आज्यांनी तिसरीच वाट धरली. शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ८ मार्च २०१६ रोजी तिथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, अंगावर गुलाबी लुगडे, खांद्याला दप्तर. शाळा दुपारची, म्हणजे कामे आटोपल्यावर. खुरप्याला सरावलेल्या बोटांना पेन्सिल धरणे सोपे नव्हे. घरी नातवंडे अभ्यास घेत. पण बँकेत अंगठा पुढे करताना मान खाली जायची, ती बोच मोठी होती. शिकलेल्या आज्या मग स्वतःच्या हाताने सही करू लागल्या. सहीला जरा वेळ लागतो. रांगेतल्या मागच्यांनी थांबावे.