अवधान आणि दैनंदिन क्षणांची अर्थपूर्णता : एक विवेचन

प्रस्तावना

मानवी आयुष्याचा फार मोठा भाग स्वयंपाक, प्रवास, अध्यापन, शेतकाम, आजाऱ्याची शुश्रूषा अशा वरवर सामान्य वाटणाऱ्या कृतींनी व्यापलेला असतो. तथापि जीवनाच्या अर्थाचा शोध मात्र सामान्यतः यश, पद, तीर्थयात्रा किंवा निवृत्तीनंतरचा निवांतपणा अशा असामान्य प्रसंगांत घेतला जातो. परिणामी, प्रत्यक्ष जगण्याचा काळ हा केवळ कशाची तरी वाट पाहण्याचा काळ ठरतो. 'वर्तमानात जगा' हा उपदेश आज सर्वत्र ऐकू येत असला, तरी त्याचा नेमका आशय क्वचितच स्पष्ट केला जातो. प्रस्तुत लेखात अवधान म्हणजे काय, त्यातून दैनंदिन क्षणाला अर्थ कसा प्राप्त होतो आणि या विचाराची मर्यादा कोणती, या तीन प्रश्नांचे विवेचन केले आहे.

अवधानाची संकल्पना

या विचाराचा एक प्राचीन आधार पाली वाङ्मयातील सतिपट्ठान सुत्त हा आहे. त्यात काया, वेदना, चित्त आणि धम्म अशी स्मृतीची चार अधिष्ठाने सांगितली आहेत. विशेष म्हणजे चालणे, वाकणे, वस्त्र परिधान करणे, खाणे-पिणे अशा अगदी साध्या क्रियाही त्यात साधनेचा विषय मानल्या आहेत. येथे 'सति' म्हणजे केवळ भूतकाळाची आठवण नव्हे. चालू अनुभवाचे सावध भान असा तिचा अर्थ आहे. मराठीत याला 'अवधान' हा जवळचा शब्द आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधानच मागतात. म्हणजेच ही संकल्पना मराठी मनास परकी नाही.

आधुनिक काळात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणतणाव कमी करण्यासाठी अभ्यासक्रम सुरू केला. एक मनुका हातात घेऊन तिचा रंग, सुरकुत्या, गंध आणि चव यांचा सावकाश अनुभव घेणे हा त्यातील परिचित पाठ होय. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढ व्यक्तींकडून दिवसातील विविध क्षणी माहिती घेतली. सुमारे ४७ टक्के वेळा त्यांचे मन हातातील कामावर नव्हते आणि अशा वेळी ते कमी सुखी होते. सुखद विचारांत रमलेले मनही चालू कामात असलेल्या मनापेक्षा अधिक सुखी आढळले नाही.

तल्लीनता आणि अवधान

अवधान आणि तल्लीनता यांत अनेकदा गल्लत होते. हा भेद स्पष्ट होण्यासाठी संतचरित्रांतील दोन परंपरागत कथा उपयुक्त ठरतात. तेर येथील संत गोरा कुंभार नामस्मरणात इतके तल्लीन झाले, की चिखल तुडवताना आपले मूल पायाखाली आल्याचेही त्यांना कळले नाही, असे सांगितले जाते. अरण येथील संत सावता माळी यांना मात्र आपल्या भाजीच्या मळ्यातच विठ्ठलदर्शन घडले, अशी श्रद्धा आहे. भक्तिपरंपरेत दोन्ही कथांना उत्कट भक्तीचे स्थान आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र त्या दोन भिन्न अवस्था दर्शवितात. पहिल्या कथेत मन एका ठिकाणी लागले, पण भोवतालचे भान सुटले. दुसऱ्या कथेत कामाच्या वस्तूवरच लक्ष आहे आणि तीच वस्तू व्यापक अर्थाचे द्वार झाली आहे. अवधान हे या दुसऱ्या प्रकारचे असते. त्यात भोवतालच्या माणसांचे भान गळून पडत नाही.

क्षणाला अर्थ कसा येतो?

केवळ लक्ष देण्याने अनुभव स्पष्ट होतो. तो अर्थपूर्ण होईलच असे नाही. व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांच्या मते अर्थ तीन वाटांनी गवसतो : एखादे कार्य करण्यातून, एखाद्या अनुभवाच्या वा व्यक्तीच्या प्रेमातून आणि अटळ दुःखाप्रती घेतलेल्या भूमिकेतून. या तिन्ही वाटा आपल्याला स्वतःपलीकडील कशाशी तरी जोडतात. म्हणून असे म्हणता येईल, की अवधान क्षण दाखविते आणि नाते त्याला अर्थ देते.

याचे ठसठशीत उदाहरण म्हणजे जात्यावरील ओवी. पहाटेच्या अंधारात मूठमूठ दाणे वैरायचे आणि खुंटा धरून जाते ओढायचे, हे अत्यंत कष्टाचे काम होते. दाणे जास्त पडले तर पीठ भरड निघे. म्हणून हाताला सतत सावध राहावे लागे. त्याच लयीत स्त्रियांनी माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, विठ्ठल आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचे संकलन झाले आहे. घरातील इतरांसाठी दळले जाणारे पीठ आणि ओवीत आठवलेली माणसे यांमुळे तेच यांत्रिक काम नात्यांनी भरून गेले.

मर्यादा

येथे एका धोक्याची नोंद घेणे आवश्यक आहे. क्षणात अर्थ सापडतो म्हणून ती परिस्थिती न्याय्य ठरत नाही. ओवी सुंदर होती, याचा अर्थ स्त्रीने जातेच ओढत राहावे असा नाही. पिठाची गिरणी आल्याने तिच्या अंगावरचे ओझे उतरले, हे हितकारकच झाले. किंबहुना ओव्यांमधील सासुरवासाचे वर्णन हेच दर्शविते, की लक्षपूर्वक जगणारी स्त्री आपले दुःख झाकत नव्हती, तर त्याला शब्द देत होती. कामगाराने अपुऱ्या वेतनाकडे किंवा गृहिणीने एकटीवर पडलेल्या कामाकडे 'समभावाने' पाहावे, असा उपदेश म्हणजे अवधानाचा विपर्यास होय. जे आहे ते स्पष्ट पाहणे ही परिवर्तनाची पहिली पायरी ठरू शकते. तसेच तीव्र नैराश्यासारख्या आजारात अवधानाचा सराव हा वैद्यकीय उपचारांना पर्याय मानता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते, की अवधान म्हणजे जगापासून दूर जाणे नव्हे आणि एखाद्या गोष्टीत हरवून जाणेही नव्हे. हातातील काम, त्यामागील माणूस आणि त्यातील सुख-दुःख एकाच वेळी जाणणे म्हणजे अवधान. त्यासाठी स्वतंत्र वेळ किंवा एकांत अनिवार्य नाही. जेवताना वाढणाऱ्याकडे पाहणे, विद्यार्थ्याचा प्रश्न पूर्ण ऐकून घेणे, वृद्धाच्या पुन्हा सांगितलेल्या गोष्टीतील नवा तपशील टिपणे, इतक्या साध्या कृतींतून त्याचा आरंभ होऊ शकतो. अशा क्षणी आपण तेथे नसू, तर तो क्षण दुसऱ्या कोणाला आपल्या वतीने जगता येत नाही.