‘डॉक्टर नाही, मग दवाखान्यात काय करणार?’

नीटचे गुण कमी पडले, की रत्नागिरीतल्या घरांमध्ये नर्सिंग, फार्मसी, बीएस्सी अशी चर्चा सुरू होते. कुणी हॉस्पिटल मॅनेजमेंटचं नाव काढलं, तर घरातली मोठी माणसं हाच प्रश्न विचारतात. त्यांची काळजी खरी आहे, पण माहिती अपुरी आहे.

हे शिक्षण फक्त डॉक्टरांसाठी, असं अनेकांना वाटतं. यात तथ्य एवढंच, की ‘एमडी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन’ एमबीबीएसनंतरच करता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतली हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी मात्र कोणत्याही शाखेच्या पदवीधराला खुली आहे. एमबीएतून हॉस्पिटल मॅनेजमेंटकडे जायचं, तर राज्याच्या एमबीए सीईटीलाही कोणतीही पदवी चालते. खुल्या प्रवर्गाला 50 टक्के, आरक्षित प्रवर्गांना 45 टक्के गुण लागतात. म्हणजे गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातून बीकॉम झालेली मुलगीही या वाटेने जाऊ शकते.

दुसरा गैरसमज मला जास्त खुपतो: हे बिलं वसूल करायचं शिक्षण. सकाळी दहाच्या राउंडला डॉक्टर सांगतात, ‘आजी, आज घरी जा.’ लांज्याकडच्या वाडीतली आजी पिशवी भरून खाटेवर बसते. डिस्चार्ज कार्ड लिहायचं राहिलेलं असतं. उरलेली औषधं फार्मसीत परत जायची असतात. लॅबचा एक रिपोर्ट बिलात चढलेला नसतो, विम्याची मंजुरी अडकलेली असते. संध्याकाळ होते, वस्तीची एस.टी. निघून जाते. आणि त्याच खाटेसाठी दुसरा रुग्ण खाली कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडून असतो. प्रत्येक जण आपापलं काम करत असतो, तरी आजीचा दिवस जातो. कागद कुठल्या टेबलावर किती वेळ पडून राहतो ते घड्याळ लावून मोजणं, कार्डाचा मसुदा आदल्या संध्याकाळी तयार ठेवणं, विम्याचे कागद वेळेत धाडणं, हे या अभ्यासात शिकवतात. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहते ना, जैववैद्यकीय कचरा 48 तासांपेक्षा जास्त साठत नाही ना, हेही त्यातच येतं.

आणि जनरेटर. 22 जुलै 2021ला चिपळूण पाण्याखाली गेलं, वीज गेली, रुग्णालयांतही पाणी शिरलं. जनरेटर कोणत्या मजल्यावर असावा, ऑक्सिजनचा साठा किती तास पुरेल, रुग्ण कुठल्या जिन्याने हलवायचे, हे प्रश्न पावसाळ्याआधी विचारणारा माणूस नदीकाठच्या गावात असायलाच हवा.

‘नोकरी मुंबई-पुण्यातच मिळते’ हेही अर्धसत्य. रत्नागिरीत 2023 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, डेरवणला वालावलकर रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालय आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता 5 लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यातल्या प्रत्येक रुग्णालयाला मंजुरी आणि दाव्यांचे कागद नीट सांभाळणारी माणसं लागतात. मात्र मुलांना फसवू नये: जिल्हा शल्यचिकित्सक डॉक्टरच असतो, राष्ट्रीय आरोग्य अभियानातली व्यवस्थापनाची पदं बहुतेक कंत्राटी असतात, आणि सुरुवात वॉर्डात, रात्रपाळीनेही होते.

राहिली कोर्सची निवड. नाव सारखं म्हणून दर्जा सारखा नसतो. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का ते बघावं आणि प्रत्यक्ष रुग्णालयात किती महिने काम करायला मिळतं ते स्पष्ट विचारावं. सार्वजनिक आरोग्याची एमपीएच ही पदवी निराळी. तिचा भर रुग्णालयापेक्षा गावाच्या आरोग्यावर असतो.

अर्ज भरण्याआधी एका सोमवारी सकाळी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपरच्या खिडकीपाशी तासभर उभं राहावं. रांग कुठे तुंबते, म्हातारी माणसं कुणाला काय विचारतात, चुकीच्या मजल्यावरून किती जण परत येतात, ते वहीत लिहावं. मग ती वही घरच्यांसमोर ठेवावी.