आरोपी : भातसा जलाशय

शाळेच्या सभागृहात सतरंज्यांवर भातसानगर-बिरवाडीची माणसं दाटीवाटीने बसली आहेत. फळ्यावर खडूने लिहिलंय : 'आरोपी – भातसा जलाशय. आरोप – 15 सप्टेंबर 1983 चा 4.9 रिश्टरचा भूकंप घडवणे.' नववीतली न्यायाधीश टेबलावर डस्टर आपटते आणि अभिरूप न्यायालय सुरू होतं.

फिर्यादीची पहिली साक्षीदार गावातली एक आजी. "भांडी मांडणीवरनं खाली आली. पोरांना घेऊन किती रात्री अंगणात काढल्या."

बचावाचा वकील उठतो. "आजी, धरणाआधी कधी जमीन हादरलेली आठवते?"

"मला तरी नाय आठवत, बाळा. पण तेव्हा मोजत कोण होतं?"

"आधीची नोंद नाही, हे लिहून घ्या," न्यायाधीश लेखनिकाला सांगते.

"पाणी 1977 पासून अडवलंय," बचाव पुढे सरसावतो. "मग जमीन सहा वर्षं गप्प का होती?"

"कोयनेला 1962 मध्ये पाणी अडलं, मोठा भूकंप 11 डिसेंबर 1967 ला झाला. खडकांच्या भेगांतून खोल उतरायला पाण्याला वेळ लागतो," फिर्यादीची वकील म्हणते आणि पुरावा मांडते. तिरप्या ओल्या काचेवर ती थंडगार स्टीलचा पेला उपडा ठेवते. पेला जागचा हलत नाही. मग ती त्याला गरम फडकं लावते. आतली हवा फुगते, पेल्याचा काचेवरचा भार हलका होतो आणि पेला सरकन खाली येतो. "भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब असाच खडकाची पकड सैल करतो."

टाळ्या थांबायच्या आत बचावाचा प्रश्न येतो : "काच तिरपी कुणी केली?"

सभागृहात एकदम चुळबुळ. मुलाने नेमक्या जागी बोट ठेवलंय. "ताण भूगर्भात आधीचाच होता. पालघरात धुंदलवाडीकडे नोव्हेंबर 2018 पासून हादरे बसले. तिथे भातसाएवढं धरण कुठे आहे?"

एकही मूल आवाज चढवत नाही. प्रत्येकाला समोरच्याचा मुद्दा खोडण्याआधी तो नीट ऐकावा लागतो, हीच या खटल्याची खरी कमाई. धरणाबद्दलची भीती आणि धरणाचा अभिमान दोन्ही या गावात वर्षानुवर्षं नांदतात. आज दोन्हींकडे पुरावा मागितला जातोय.

निकाल वाचला जातो : "जलाशयाने ताण निर्माण केला, हे सिद्ध झालेलं नाही. साठलेला ताण सुटायला त्याचं पाणी निमित्त ठरलं, हे जास्त संभवतं. कोयनेत शास्त्रज्ञांनी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर खणलं ते हेच तपासायला. आदेश असा : परिसरातल्या भूकंपांच्या नोंदी मिळवून दरमहा गावच्या फलकावर लावाव्यात."

मागच्या रांगेतून एक शेतकरी उभे राहतात. "नुसते आकडे लावू नका. त्यांचा अर्थही लिहा."

न्यायाधीश क्षणभर विचार करते आणि निकालपत्रात तेवढी ओळ वाढवते.