मक्केतला पहिला दिवस मालेगावातच सुरू होतो

हजला निघणाऱ्या माणसाच्या घरी मालेगावात शेवटचे दोन-तीन दिवस पाय ठेवायला जागा नसते. नातेवाईक येतात, शेजारी येतात, यंत्रमागावरचे जुने सोबती येतात. काही चुकले असेल तर माफ करा, तिथे आमच्यासाठी दुवा मागा, असे म्हणत गळाभेटी होतात. मग रात्री केव्हातरी गाडी निघते. या गडबडीत ज्याला जायचे आहे तो साठी ओलांडलेला माणूस मात्र धड झोपलेला नसतो. वेळेवर जेवलेला नसतो, आणि आग्रहापोटी नको ते जेवलेला असतो.

पुढचा हिशेब मांडून पाहावा. मालेगाव ते मुंबई सुमारे २८० किलोमीटर. विमानतळावर काही तास आधी हजर राहायचे. मुंबई ते जेद्दा पाच-साडेपाच तास. तिथे पासपोर्ट, सामान, रांगा. मग मक्केपर्यंत आणखी सुमारे ८० किलोमीटर. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, म्हणजे आधीच लांबलेला दिवस आणखी लांबतो. खोलीची किल्ली हातात पडेपर्यंत अनेक जण २४ तासांहून अधिक काळ जागे असतात. आणि नेमका तेव्हाच त्यांना उमरा करायचा असतो.

घाईमागे ओढ असते, तसे व्यावहारिक कारणही असते. जेद्दामार्गे जाणारे यात्रेकरू एहरामच्या अवस्थेतच मक्केत पोहोचतात. उमरा पूर्ण होईपर्यंत सुगंधी साबण नाही, नखे कापायची नाहीत, पुरुषांना टोपी घालता येत नाही. त्यातून लवकर मोकळे व्हावे असे वाटणे साहजिक आहे. पण जेवून, चार-सहा तास झोपून, ऊन उतरल्यावर उमरा केला तरी चालतो. प्रशिक्षण शिबिरात हे सांगतातही. ऐकणारे थोडे.

उमऱ्यात किती चालावे लागते, याचा अंदाज घरी येत नाही. सफा-मरवा या सात खेपांचेच तीन किलोमीटरहून अधिक होतात. काब्याभोवतीच्या सात फेऱ्या खाली गर्दी असल्याने वरच्या मजल्यावरून केल्या, तर एकेक फेरी कित्येक पटींनी लांबते. निवासापासूनचे येणे-जाणे वेगळे. गुडघे दुखतात म्हणून वर्षानुवर्षे मशिदीपलीकडे पायी न गेलेली व्यक्ती पहिल्याच दिवशी पाच-सहा किलोमीटर चालते.

‘उन्हाचे आम्हाला काय सांगता, आमच्याकडेही पारा ४३वर जातो,’ हे मालेगावकराचे ठरलेले उत्तर. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. शरीर उष्णतेला सरावते म्हणजे घाम लवकर सुटू लागतो, घामातले मीठ कमी होते, रक्तातला द्रवभाग वाढतो. यासाठी एक ते दोन आठवडे लागतात, आणि तेही उन्हात हालचाल केली तर. दुपारी पंख्याखाली पडून काढलेला मे महिना हा सराव देत नाही. शिवाय मक्केची हवा कोरडी. घाम सुटल्याक्षणी उडून जातो, अंग कोरडेच राहते आणि किती पाणी गेले ते कळत नाही. तहान, विशेषतः म्हातारपणी, उशिरा लागते. खरी खूण लघवीच्या रंगात असते: गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले.

त्यात प्रवासभर पाणी मुद्दाम टाळलेले असते. वाटेत शौचालयाची सोय नाही, विमानातली नको वाटते, विशेषतः स्त्रियांना. म्हणजे शरीर कोरडे होऊनच जेद्दाला उतरते.

२०२४च्या हजमध्ये मक्केत तापमान ५१ अंशांच्या पुढे गेले. त्या यात्रेत १,३०१ मृत्यू झाल्याचे सौदी सरकारने सांगितले. मृतांपैकी बहुसंख्य अधिकृत परवान्याविना आलेले, म्हणजे ज्यांना ना तंबू ना वाहन, असे होते. सावली आणि बस यांचे मोल यावरून कळावे. हजचा काळ दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि हळूहळू थंडीत जाईल. तोवर मे महिना आहेच.

औषधांची गडबडही पहिल्याच दिवशी होते. इन्सुलिन मोठ्या बॅगेत जाते, बॅग विमानाच्या पोटात, आणि तिथे ते गोठले तर निकामी. ते हातातल्या पिशवीतच हवे. अडीच तासांच्या फरकासाठी मात्रा बदलावी लागत नाही, जेवणाची वेळ सांभाळावी लागते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घ्यायची, जेवायचे नाही आणि तासभर चालायचे, हा साखर एकदम खाली जाण्याचा सरळ मार्ग आहे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, मधुमेहाच्या ‘ग्लिफ्लोझिन’ गटातल्या गोळ्याही तेच करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत. उन्हाच्या दिवसांत काय करायचे ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधे सौदीत नियंत्रित आहेत, चिठ्ठीशिवाय नेऊ नयेत. आणि खसखस अजिबात नको, डिंकाच्या लाडवातलीसुद्धा! मेंदुज्वराची लस किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. २०००च्या हजनंतर घरी परतलेल्यांबरोबर हा आजार अनेक देशांत पोहोचला होता, त्यानंतर चार प्रकारांविरुद्धची लस सक्तीची झाली.

चपलांचे दुखणे क्षुल्लक वाटते. काब्याभोवतीचा पांढरा संगमरवर ग्रीसमधल्या थासोस बेटावरचा. तो उन्हातही फारसा तापत नाही. बाहेरचा रस्ता तापतो. दाराशी काढलेली चप्पल परतताना सापडत नाही, आणि मधुमेहाने तळव्यांची संवेदना गेलेला माणूस अनवाणीच निवासापर्यंत चालत येतो. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो. चप्पल कापडी पिशवीत घालून जवळ ठेवावी. एहराममध्ये छत्रीही चालते.

सोबत्याने एक गोष्ट मात्र पाहावी. थकलेला माणूस थकल्याचे सांगतो. उष्माघात झालेला भलतेच बोलतो, नातेवाइकांची नावे चुकवतो, चिडतो, अडखळतो. शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेलेले असते. अशाला ‘झोपू द्या, दमलेत’ म्हणून खोलीत एकटे सोडू नये. मदत बोलवायची आणि ती येईपर्यंत अंगावर पाणी शिंपडत वारा घालत राहायचे. १९८०मध्ये वाइनर आणि खोगाली या संशोधकांनी मांडलेले, पुढे मक्केच्या नावाने ओळखले गेलेले थंडावा-यंत्र याच तत्त्वावर चालते. रुग्णाला जाळीवर निजवून अंगावर पाण्याचे तुषार सोडायचे आणि त्यावर हवा मारायची, तीही गार नव्हे, उबदार. गार हवेने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच राहते. खोलीत यंत्र नसते, पण बादली, ओला टॉवेल आणि वारा घालायला पुठ्ठा असतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, अगदी जमजमचेही, ओतू नये. ते फुफ्फुसात जाते.